मोठा टॅरंटुला घ्यायचा आहे, पण कोणता?

मोठ्या टॅरंटुलांविषयी, म्हणजे घरी पाळल्या जाणाऱ्या केसाळ कोळ्यांविषयी, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. उत्तरांत ‘पसारा’ म्हणजे कोळी पाय ताणून बसलेला असताना पुढच्या पायाच्या टोकापासून तिरप्या रेषेत मागच्या पायाच्या टोकापर्यंतचे अंतर. विक्रेते जाहिरातीत हाच आकडा देतात. निवड मात्र या आकड्यावर करू नये, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : गोलायथ बर्डईटर घ्यावा की सॅल्मन पिंक? दोघांचीही पिल्ले मिळत आहेत. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो आणि यापूर्वी कोळी पाळलेला नाही. – एडिसन, न्यू जर्सी

सॅल्मन पिंक घ्या. शास्त्रीय नाव लॅसिओडोरा पाराहिबाना. त्याची मादी सहज २० सेंटिमीटर पसाऱ्याची होते, काही त्याहून मोठ्या होतात. गोलायथचा, म्हणजे थेराफोसा ब्लोंडीचा, नोंदलेला विक्रम २८ सेंटिमीटरचा आहे. तो नर १९६५ साली व्हेनेझुएलात सापडला होता. पाळलेली मादी बहुधा २३ ते २५ सेंटिमीटरवर थांबते. या तीन ते पाच सेंटिमीटरांसाठी किती जास्त काम पत्करावे लागते, ते आधी समजून घ्या.

गोलायथ व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि उत्तर ब्राझीलच्या पावसाळी जंगलात बिळात राहतो. त्या बिळातली माती कधीच कोरडी पडत नाही. तुमच्याकडे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हीटिंग चालू असते आणि घरातल्या हवेची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. अशा हवेत पेटीतली माती वरून खाली झपाट्याने सुकते. ती सुकू नये म्हणून झाकण बंद ठेवले, की हवा कोंडते, बुरशी येते आणि किडकी माती, मेलेले रातकिडे यांवर माइट्स हे बारीक किडे माजतात. खाली ओल आणि वर मोकळी हवा हा तोल आठवड्यामागून आठवडे सांभाळावा लागतो. नवख्याचा हात नेमका इथेच चुकतो.

चूक कळते ती कात टाकण्याच्या वेळी. कोळ्याचे पाय सरळ होतात ते बरेचसे शरीरातल्या द्रवाच्या दाबाने, आणि जुनी कात फोडण्यासाठीही तोच दाब लागतो. पाणी कमी पडलेला कोळी कात फोडतो खरा, पण एखादा पाय, कधी सुळे, कधी तोंडाच्या आतला भाग जुन्या कातीतच अडकतो. पाय तुटला तर पुढच्या काही कातींत तो परत येतो. तोंडाच्या आतली कात निघाली नाही तर कोळी दिसायला धडधाकट असतो, पण त्याला खाता येत नाही आणि काही आठवड्यांनी तो मरतो.

लॅसिओडोरा पूर्व ब्राझीलचा. त्याचे वर्णन १९१७ साली पाराइबा राज्यातल्या नमुन्यांवरून झाले. २२ ते २६ अंश सेल्सिअस, पाण्याची भरलेली वाटी आणि मातीचा एक कोपरा ओलसर, एवढ्यावर तो चांगला राहतो. आठवडाभर पाणी द्यायचे राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही. एका अंडकोशातून दोन हजारांपर्यंत पिल्ले निघतात, म्हणून पिल्लू स्वस्त मिळते आणि ते बंदिवासातच जन्मलेले असते.

सेंटिमीटरभर पिल्लासाठी साधारण १५० मिलिलिटरचा, बारीक भोके पाडलेला पारदर्शक डबा पुरे. त्यात ४ ते ५ सेंटिमीटर ओलसर कोकोपीट दाबून भरा. पिल्लाच्या पोटापेक्षा लहान रातकिडा किंवा मीलवर्मचा तुकडा आठवड्यातून दोनदा द्या. पिल्लाचा पसारा डब्याच्या रुंदीच्या तिसऱ्या भागाइतका झाला की पुढचा डबा. एकदम मोठ्या पेटीत सोडले तर भक्ष्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि ते जिवंत आहे की नाही हेही कळत नाही. नीट खाऊ घातले तर दीड-दोन वर्षांत तळहातापेक्षा मोठा कोळी समोर असतो. तो चिडका असतो, मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडतो, तेव्हा तो हातावर घेण्याचा प्राणी नाही हे पक्के लक्षात ठेवा.

प्रश्न : लॅसिओडोरा आणि अकँथोस्कुरिया (हाही मोठा टॅरंटुला) दोन्ही सहा वर्षे सांभाळले. आता थेराफोसा आणायचा आहे. पेटी कशी लावावी? – स्टुटगार्ट, जर्मनी

हा क्रम योग्य आहे. पूर्ण वाढलेल्या मादीसाठी तळ ६० बाय ४५ सेंटिमीटर, उंची ४५. त्यात माती २० ते २५ सेंटिमीटर भरायची. मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतची मोकळी जागा कोळ्याच्या पसाऱ्याच्या फार तर सव्वापट असावी. मोठे टॅरंटुला काचेवर चढतात आणि पडतात. पोटाची कातडी पातळ असल्याने २५-३० सेंटिमीटरवरून दगडावर किंवा वाटीच्या कडेवर पडले तर पोट फुटते, आणि मग बहुधा काही करता येत नाही. म्हणून उंच पेटी आणि आत शोभेचे दगड, दोन्ही नकोत.

२० सेंटिमीटर माती म्हणजे ५४ लिटर. ती ओली झाली की पेटी फार जड होते. मांडणी आधी पक्की करा, पेटी जागेवर ठेवा आणि मगच भरा. भरलेली पेटी हलवताना काचेचा सांधा सुटतो.

मिश्रण तीन भाग खतविरहित बागेची माती आणि दोन भाग कोकोपीट असे घ्या. नुसते कोकोपीट वापरले तर बिळाचे छत टिकत नाही. पर्लाइट किंवा खत मिसळलेली तयार माती चालणार नाही. पाणी घालून मूठ आवळली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतकी ओल ठेवा. पाच-पाच सेंटिमीटरचे थर टाकून प्रत्येक थर मुठीने घट्ट ठोकत जा. एका कोपऱ्यात बुचाच्या सालीचा अर्धगोल तुकडा तिरपा पुरून १२ ते १५ सेंटिमीटर रुंद तोंड ठेवा. पुढचे बीळ कोळी स्वतः खणेल. समोरच्या कोपऱ्यात १२ सेंटिमीटर व्यासाची जड, उथळ वाटी. वाटीत स्पंज घालण्याची जुनी पद्धत सोडून द्या, त्यात फक्त घाण साचते.

हवेसाठी ३ ते ४ मिलिमीटरची भोके समोरासमोरच्या दोन बाजूंना हवीत. एका बाजूला मातीच्या जरा वर आणि दुसऱ्या बाजूला झाकणाजवळ, म्हणजे हवा आरपार फिरते. जाळीचे झाकण असेल तर काढून भोकांचा ॲक्रिलिक पत्रा बसवा. पायांच्या नख्या जाळीत अडकतात, कोळी लटकतो आणि सुटण्याच्या धडपडीत पाय गमावतो किंवा पडतो.

पाणी फवारू नका. फवाऱ्याने काच आणि वरचा थर भिजतो, बिळाचा तळ कोरडाच राहतो, शिवाय बहुतेक कोळ्यांना फवारा सहन होत नाही. एका कोपऱ्यात जाड नळी तळापर्यंत उभी पुरून ठेवा आणि दर ७ ते १० दिवसांनी तिच्यातून अर्धा लिटर पाणी ओता. हीटिंगच्या दिवसांत गरजेप्रमाणे लिटरभर लागेल. वरचा एक-दोन सेंटिमीटर थर सुकला तरी चिंता नाही. काचेतून खालच्या मातीचा रंग बघत राहा. तो फिकट होऊ लागला की पाण्याची वेळ झाली. खाली पाणी साचून काळा, आंबूस वासाचा थर तयार झाला तर पाणी थांबवा आणि हवा वाढवा. मातीत सुरुवातीलाच स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे सोडले की बुरशीचा बराचसा बंदोबस्त ते करतात.

तापमान २४ ते २७ अंश. शक्यतो खोलीच उबदार ठेवा. हीट मॅट लावायची तर बाजूच्या भिंतीला आणि थर्मोस्टॅटसह. पेटीखाली कधीही नको. उष्णता वाढली की कोळी सवयीप्रमाणे खाली खणत जातो, आणि खाली गेला की त्याला जास्तच उष्णता सोसावी लागते.

मोठ्या मादीला दहा ते चौदा दिवसांनी एखादे मोठे डुबिया झुरळ किंवा चार-पाच मोठे रातकिडे पुरतात. पोट पुढच्या कवचाच्या दीडपटीहून मोठे दिसू लागले तर खाणे कमी करा, कारण फुगलेले पोट पडल्यावर लवकर फुटते आणि जमिनीला घासून जखम होते. ‘बर्डईटर’ या नावावर जाऊन उंदीर देऊ नका. उरलेले मांस ओल्या मातीत कुजते आणि दोन दिवसांत पेटी माश्या-माइट्सनी भरते. बागेतले किडेही नकोत, कीटकनाशकाचा धोका असतो. न खाल्लेले भक्ष्य २४ तासांत बाहेर काढा.

प्रश्न : विक्रेता ‘ब्लोंडी’ म्हणतो. ते खरे कसे ओळखावे? – लंडन

गोलायथच्या, म्हणजे थेराफोसा, वंशात तीन जाती आहेत : ब्लोंडी, स्टिर्मी आणि अपोफिसिस. बाजारात ब्लोंडी म्हणून विकले जाणारे बरेच कोळी स्टिर्मी असतात. स्टिर्मीला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले तेच २०१० साली. मोठ्या कोळ्याच्या गुडघ्याचा सांधा पाहा : ब्लोंडीच्या तिथे लांब केस असतात, स्टिर्मीचा गुडघा त्या मानाने बोडका दिसतो. अपोफिसिसच्या पिल्लांची पावले गुलाबीसर असतात आणि त्याच्या प्रौढ नराच्या पुढच्या पायांवर आकडे असतात. इतर दोघांच्या नरांना आकडे नसतात. अगदी लहान पिल्लावरून खात्री करणे कठीण आहे, म्हणून आई-वडिलांचे फोटो मागा. तिघांची निगा सारखीच आहे. तेव्हा फक्त नावासाठी दुप्पट पैसे मोजू नका. ‘जंगलातून पकडलेला’ असे कळले तर मात्र घेऊच नका. अशांपैकी काहींत सूत्रकृमी असतात. तोंडाशी पांढरट, चिकट थर दिसतो आणि खाणे बंद होते. त्यावर उपाय नाही.

प्रश्न : घरात सहा आणि नऊ वर्षांची मुले आहेत. मोठा पण शांत कोणता? – टोरांटो

ग्रॅमोस्टोला पुल्क्रिपेस, ज्याला चाको गोल्डन नी म्हणतात. अर्जेंटिना-पॅराग्वेच्या कोरड्या चाको प्रदेशातला, गुडघ्यांवर सोनेरी पट्टे, पसारा १८ ते २० सेंटिमीटर. तो सावकाश वाढतो. पिल्लू आणले तर मुले मोठ्या शाळेत जातील तेव्हा ते पूर्ण वाढलेले असेल. म्हणून शक्य असेल तर १० सेंटिमीटरची मादी घ्या. मादी २० वर्षांहून जास्त जगू शकते, हा विचार घरातल्या मोठ्यांनी आधी करायचा आहे. माती कोरडी, १० ते १२ सेंटिमीटर खोल, पाण्याची वाटी नेहमी भरलेली. यापलीकडे फारसे काही लागत नाही.

शांत असला तरी त्याच्या पोटावर खाजरे केस आहेतच. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांना ते असतात. थेराफोसाचे केस यांत सर्वांत वाईट : कातडीत घुसले की खाजकुइली लागल्यासारखी आग होते आणि ती कित्येक दिवस राहते. थेराफोसा मुलांच्या घरात आम्ही सुचवत नाही, त्याचे खरे कारण हे केस आहेत. त्याचे सुळे दोन सेंटिमीटरहून लांब असतात आणि चावा खोल जातो, पण विष माणसाला फारसे बाधत नाही. केस मात्र पेटीतल्या मातीत, टाकलेल्या कातीत, झाकणाच्या आतल्या बाजूला महिनोन्‌महिने पडून असतात.

डोळ्यांची काळजी सर्वांत आधी घ्या. ब्रिटनमधल्या लीड्स येथील डॉक्टरांनी २०१० साली एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. पेटीची काच पुसत असताना त्याच्या चिली रोझ जातीच्या, म्हणजे शांत समजल्या जाणाऱ्या, टॅरंटुलाने त्याच्या तोंडावर केस उडवले. डोळ्याच्या बुबुळात रुतलेले केस इतके बारीक होते की ते चिमट्याने काढता आले नाहीत, आणि त्याला दीर्घकाळ स्टेरॉइडचे थेंब घालावे लागले. म्हणून पेटी उघडताना बंद बाजूंचा गॉगल, नायट्राइलचे हातमोजे आणि ३० सेंटिमीटर लांब चिमटा. मुलांनी काचेतूनच पाहावे. त्वचेवर केस लागले तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून उचला, मग गार पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि टॅरंटुलाचे केस गेले आहेत हे स्पष्ट सांगा, नाहीतर साधे डोळे येणे समजून उपचार होतात.

झाकणाला कुलूप लावा. कोळी हलवायचा असेल तर त्याच्यावर पारदर्शक डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवावा, हाताने उचलू नये.

प्रश्न : अकँथोस्कुरिया जेनिक्युलाटा मादी. एरवी झाकण उघडताच झडप घालते. आता नऊ आठवडे काही खात नाही, रातकिडे तसेच फिरतात. – लेस्टर, ब्रिटन

सर्वांत आधी ते रातकिडे बाहेर काढा. ती कात टाकायच्या बेतात असण्याची शक्यता जास्त आहे, आणि कात टाकताना मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडे कुरतडतात. पोटावर केस झडून टक्कल पडले असेल तर तिथली कातडी पाहा. काळपट, चकचकीत झाली असेल तर कात जवळ आली. ती जमिनीवर जाळ्याची चादर विणेल आणि एक दिवस त्यावर उताणी पडेल. अनेक जण या वेळी कोळी मेला समजून त्याला ढोसतात. मेलेला किंवा पाण्याविना कोमेजलेला कोळी सरळ बसलेला असतो आणि त्याचे पाय पोटाखाली वळलेले असतात. उताणा पडलेला कात टाकत असतो. त्याला हात लावू नका, उजेड पाडू नका, पेटी हलवू नका. मोठ्या मादीला काही तास लागतात, कधी अख्खा दिवस.

नंतर सुळे पांढरे आणि मऊ असतात. ते लाल होत काळे पडेपर्यंत खायला देऊ नका. या आकाराच्या मादीला १० ते १४ दिवस थांबावे. पाणी मात्र वाटीत असलेच पाहिजे. पोट सुरकुतले नसेल तर नऊ आठवड्यांच्या उपासाची काळजी नको.

निघालेली कात सुकण्यापूर्वी कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून भिजवा आणि पोटाचा भाग हलक्या हाताने पसरा. फुप्फुसांच्या पुढच्या जोडीच्या मधोमध, आतल्या बाजूला, छोटा पापुद्रा दिसला तर मादी नक्की.

प्रश्न : प्रौढ नर अर्ध्या किमतीत मिळतो आहे. घ्यावा का? – एडिंबरा

पाळण्यासाठी नको. शेवटची कात टाकून प्रौढ झालेला नर त्यानंतर बहुधा वर्ष-दीड वर्षच जगतो, खाणे कमी करतो आणि मादीच्या शोधात रात्रभर काच खरवडतो. मिश्यांसारख्या पुढच्या छोट्या पायांची टोके बोंडासारखी फुगलेली दिसली तर तो प्रौढ नर. ज्याच्याकडे जोडीला मादी तयार आहे, त्यानेच असा नर घ्यावा.

प्रश्न : इथे गोलायथ मिळेल का? – मेलबर्न

नाही. ऑस्ट्रेलियात परदेशी टॅरंटुला आणता येत नाहीत, स्थानिकच पाळतात. त्यांत मोठा क्वीन्सलँडचा सेलेनोकोस्मिया क्रासिपेस, पसारा १६ सेंटिमीटरच्या आसपास, खोल बिळात राहणारा. त्याला खाजरे केस नाहीत, पण चावा जोरदार आहे. माणसाला वेदना आणि मळमळ होते, कुत्रा मात्र या चाव्याने मरू शकतो. घरात कुत्रा असेल तर कुलूपबंद पेटीशिवाय तो आणू नका.

प्रश्न : एक जण सोशल मीडियावर गोलायथ आणि ‘गूटी सफायर’ दोन्ही घरपोच देतो म्हणतो. घ्यावे का? – पुणे

दोन्ही घेऊ नका. गोलायथ साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत नाही, हे विक्रेता अभिमानाने सांगेल. पण परदेशी जिवंत प्राणी भारतात आणायला आयातीचा परवाना आणि क्वारंटाइनची प्रक्रिया लागते. कागद मागा, मिळणार नाहीत. मेक्सिकोतल्या ब्रॅकिपेल्मासारखे साइट्सच्या यादीतले परदेशी टॅरंटुला असतील तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

गूटी सफायरची गोष्ट याहून गंभीर आहे. पोसिलोथेरिया मेटॅलिका हा निळा कोळी जगात फक्त आंध्र प्रदेशातल्या नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात राहतो आणि त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. त्याचा संपूर्ण वंश २०१९ पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. परदेशात त्याची बंदिवासातली पैदास मुबलक आहे, पण पुण्यात घरपोच येणारा कोळी जंगलातल्या झाडाच्या ढोलीतून काढलेला असण्याचीच भीती जास्त. शिवाय या वंशाला खाजरे केस नाहीत, त्याऐवजी विष तीव्र आहे. चाव्यानंतर स्नायूंत कळा येतात आणि त्या काही दिवसांनी पुन्हा उलटू शकतात. वेग इतका की झाकण उघडल्यावर तो हातावरून खांद्यापर्यंत कधी गेला ते कळत नाही.

याच वंशातला पोसिलोथेरिया रेगालिस आपल्या सह्याद्रीतही आहे. पावसाळ्याच्या आसपास रात्री जुन्या झाडांच्या ढोलीच्या तोंडाशी तो भक्ष्याची वाट बघत बसलेला दिसू शकतो. जाणत्या माणसासोबत जा, मंद विजेरी वापरा, दोन-तीन फूट लांब राहा आणि ढोलीत काडी घालू नका. साल उचकटली की ती जागा कोळ्याच्या उपयोगाची राहत नाही. तुमच्याकडे किंवा ओळखीत कोणाकडे असा टॅरंटुला आधीच असेल तर तो टेकडीवर नेऊन सोडू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि कोणी येईपर्यंत तो पाण्याच्या वाटीसह बंद डब्यात, सावलीत ठेवा.